फादर गप्प झाले की

एका टेबलाभोवती रोज तीच माणसं बसली की किस्से साठतातच. आमच्याकडेही बरेच साठलेत. सांगतो तेवढे ऐका.

हाटकेश भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एक रिटायर झालेले फादर आणि त्यांची भाची लविना राहतात. मी खाली गेटवर वॉचमन होतो. ती नोकरी सुटल्यावर वर त्यांच्याकडे जाऊन बसायला लागलो. मी चौथी शिकलेला. चहा करायचा, जाड पुस्तकं उचलून द्यायची, एवढंच माझं काम.

फादरांचं काम निराळं. फार जुन्या काळी मठातल्या साधूंनी संतांची चरित्रं लॅटिनमध्ये लिहिली. बायबल त्यांना पाठ. लिहिता लिहिता त्यातली वाक्यं आत घालायचे आणि कुठली ते सांगायचे नाहीत. फादर ती शोधतात आणि खाली लाल रेघ मारतात.

गेल्या वर्षी फादरांना मेंदूचा झटका येऊन गेला. "पुन्हा आला तर बोलणं जाऊ शकतं," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून फादर गप्प झाले की आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो.

*

एकदा एका ओळीवर बोट ठेवून फादर थांबले. पापणी हलेना. लविनानं फोन उचलला, मी चपला शोधायला लागलो.

"ठेव तो फोन!" फादर म्हणाले. "ज्यानं हे लिहिलं तो कधीच मेला. त्याला घाई नाही, तुम्हाला कसली?"

*

एका दुपारी फादरांनी स्तोत्राचा आकडा सांगितला. लविनानं बायबल उघडलं. ती ओळ तिथं नाहीच! दुसरा आकडा सांगितला, तिथंही नाही. ती किचनमध्ये माझ्याकडे येऊन रडायला लागली. "काका, अंकलचे आकडे गेले हो."

बाहेरून आवाज आला, "इंग्लिश बायबल उघडलंयस ना? जुन्या लॅटिनमध्ये बहुतेक स्तोत्रांचा आकडा एकानं मागं असतो. आधी पुस्तक बदल, मग रड!"

*

एका चरित्रात संत मेलेल्या पोराच्या अंगावर पालथा पडून त्याला जिवंत करतो. हे बायबलातल्या अलीशा संदेष्ट्यावरून घेतलंय, असं फादर म्हणाले.

मी विचारलं, "मग ह्या संतानं स्वतः काय केलं?"

फादर बोलेनात. बराच वेळ बोलेनात. लविना माझ्याकडे डोळे वटारून बघतेय.

शेवटी म्हणाले, "कांबळे, हा प्रश्न बिशपसमोर काढू नकोस!"

*

मग झटका पुन्हा आलाच. हॉस्पिटलमध्ये फादर नुसते बघायचे, शब्द नाही. एकदा अचानक त्यांनी रोजची प्रार्थना पूर्ण म्हटली. लविना हरखली. डॉक्टरांनी मान हलवली. "पाठ असलेलं आपोआप येतं. त्यांनी स्वतःचं काहीतरी बोलायला हवं."

एका सकाळी फादर स्पष्ट म्हणाले, "मला तहान लागली आहे."

नर्स डॉक्टरांना आणायला धावली. लविना मात्र पांढरी पडली. "काका, हे बायबलात आहे, योहानात. क्रुसावर येशू हेच बोलला."

डॉक्टर आले. "स्वतःचं की पाठ?"

मी चमच्यानं पाणी त्यांच्या ओठांना लावलं. फादरांनी घोट गिळला आणि तोंड वाकडं केलं.

"कांबळे... पाणी काय पाजतोस? चहा कुठाय?"

लविनानं डोळे मिटले. तिचे ओठ भराभर हलत होते, मनातल्या मनात अख्खं पुस्तक चाळत असल्यासारखे. मग तिनं डॉक्टरांचा हात घट्ट धरला आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशी ओरडली,

"नाही! हे बायबलमध्ये कुठंच नाही!"