स्टिअरिंगवरचा देव

ज्येष्ठातल्या एका मंगळवारी दुपारी माझी पत्नी गेली. मी दवाखान्याखाली शहाळं आणायला गेलो होतो. वर आलो तेव्हा आमची मुलगी मुक्ता दाराशी उभी होती. तिला सातवा महिना होता.

त्या दिवसापासून मी देवाचं नाव घेणं बंद केलं. रागानं नाही. राग यायला कुणीतरी समोर आहे असं वाटावं लागतं, आणि मला तसं वाटेना. सकाळी पूजा करायचो, कारण ती करायची. पण ती एखाद्या परगावी गेलेल्या शेजाऱ्याच्या झाडांना पाणी घालावं तशी. मुक्ताला लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले तेव्हा तिच्या आईनं माहेरच्या बिरोबाला नवस बोलला होता : "लेकरू सुखरूप होऊ दे, माझ्या गाडीतून आणून तुझ्या पायावर घालीन." देवानं लेकरू दिलं, आणि नवस बोलणारीला नेलं. हा हिशेब मला कुठल्याही पुस्तकात सापडला नाही, आणि माझं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेलं.

तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमचं लग्न झालं तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा चालू होता आणि वाळूजच्या माळावर कारखाने उभे राहत होते. नामांतर व्हावं अशा मागणीच्या कागदावर मी सही केली, म्हणून घरमालकानं आठ दिवसांत खोली सोडायला सांगितलं. मी पुस्तकं बांधत बसलो. ती उठली, उस्मानपुऱ्यात हिंडली, आणि संध्याकाळपर्यंत एक खोली ठरवून आली. नव्या खोलीत तिनं आधी देव नेला : बिरोबाचा चांदीचा टाक, रुपयाहून थोडा मोठा, पदराच्या गाठीत बांधलेला. पुढं वाळूजला गाड्यांच्या वायरी जोडणाऱ्या एका कारखान्यात ती कामाला लागली आणि तपासणीच्या जागेवरून निवृत्त झाली. वयाच्या पन्नाशीत गाडी शिकली, जुनी का होईना पण स्वतःची गाडी घेतली. मी शेजारी बसायचो आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचायचो.

मुक्ता पौषात पाच महिन्यांच्या नातीला घेऊन पुण्याहून आली. रविवार बिरोबाचा वार. त्याच रविवारी नवस फेडायचा आणि सोमवारी तिनं कामावर परतायचं, असं ठरलं. आदल्या आठवड्यात तिनं गाडी सुरू केली, आणि समोरचा एक लाल दिवा लागला तो विझेचना. दिव्यात पट्टा लावून बसलेला एक माणूस आणि त्याच्या छातीपुढं एक मोठा गोळा. मी माहितीपुस्तक काढून वाचलं. एअरबॅगच्या जोडणीत बिघाड आहे. धडक झाली तर चालकापुढची बॅग उघडेलच असं नाही. जावई फोनवर शांतपणे म्हणाले, "बाबा, तो दिवा विझल्याशिवाय बाळ त्या गाडीत बसणार नाही, आणि मुक्ता ती लांब नेणार नाही." त्यांचं काही चुकलं नव्हतं. भाड्याची गाडी मिळाली असती, पण नवसाचे शब्द ठरलेले होते, आणि ते बदलून घ्यायला ती नव्हती.

मोठ्या सेवा केंद्रात पुढच्या बुधवारची वेळ मिळाली. चौकातल्या गॅरेजवाल्यानं मात्र लगेच हात पुढं केला.

"काका, पाच मिनिटांचं काम. बॅगच्या जागी एवढुसा रेझिस्टर टाकतो. गाडीला वाटतं बॅग आहे, दिवा बंद."

"आणि धडक झाली तर?"

"तुम्ही काय धडकायला निघालात का, देवाला निघालात ना?"

मुक्ता माझ्याकडं बघत राहिली. ती हो म्हणाली असती. मी नाही म्हणालो, आणि घरी येऊन मला वाटलं की देवानं नको म्हणून तोंडावरच दिवा लावला आहे.

शुक्रवारी आम्ही बाळाला शेजारच्या वहिनींकडं ठेवून शहागंजात गेलो. निदान मी एकटा एसटीनं जाऊन भंडारा वाहून येईन, म्हणून हळद आणि खोबरं घ्यायचं होतं. मी दुकानात, मुक्ता गाडीत. परत आलो तर खिडकीशी एक माणूस वाकून बोलत होता. पांढरी टोपी, काखेत भंडाऱ्याची पुडी, नखांत काळं वंगण.

"ताई, देव लई झ्याक हाय, पण जागा चुकली."

"तुम्हाला काय करायचंय? आमचा देव आहे," मुक्ता म्हणाली.

"आमचा बी हाय की. बिरोबा नं ह्यो? पण ह्या झाकणामागं बॅग असती. ती फुटली तर देव बंदुकीच्या गोळीवानी तुमच्या तोंडावर येईल. दर्शन लई जवळून हुईल, ताई."

मुक्ता हसली. आई गेल्यापासून मी तिला असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. मला मात्र कानांपर्यंत लाज वाटली, कारण तो टाक स्टिअरिंगच्या मधोमध मी चिकटवला होता. ती गेल्यावर तिच्या गाडीत तो असाच कप्प्यात पडलेला सापडला. मला वाटलं, निसटला असेल. मी दोन नळ्यांचा पक्का गोंद आणून तो नीट बसवला.

त्या माणसाचं नाव सोपान. फुलंब्रीच्या वाटेवर त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. घरची मेंढरं अजून भाऊ राखत होता. लाल दिवा पाहून तो म्हणाला, "उद्या सकाळीच या. आज बाजार हाय, घाईत ह्या कामाला हात लावायचा नसतो."

शनिवारी सकाळी बाळाला पुन्हा वहिनींकडं ठेवून आम्ही गेलो. आधी त्यानं टाकाच्या मागं बारीक दोरा घालून, करवतीसारखा हळूहळू ओढत, देव सोडवला आणि माझ्या ओंजळीत ठेवला. मग एक यंत्र गाडीला जोडून बिघाड वाचला. चालकाच्या बॅगेची वाट कुठंतरी तुटत होती. त्यानं किल्ली काढली, बॅटरीची तार सोडली आणि खाली बसून विडी न पेटवता तशीच बोटांत धरली.

"आता?" मी विचारलं.

"आता धा मिनटं काय करायचं नाय. तार सोडली तरी आत साठा ऱ्हातो. उतरू द्यायचा. घाई करणाराच्या तोंडावर बॅग उडती."

"मग दहा मिनिटं करायचं काय?"

"नाव घ्या की, काका. देव हातातच हाय."

मी सात महिने नाव घेतलं नव्हतं. हातात टाक, समोर उघडं बॉनेट, रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते. काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून मी मनात नाव घेतलं. ते आलं. कुठला उजेड पडला नाही. बराच वेळ बंद असलेली खोली उघडली की आतली हवा जशी पहिल्यांदा हलते, तेवढंच झालं. मी पुन्हा घेतलं, आणि सोपान उठला तेव्हा मला ते थांबवावंसं वाटेना.

त्यानं बॅग सोडवली आणि तोंड वर करून लांबच्या फळीवर ठेवली. बॅगेला मीटर लावायचा नसतो, त्या थोड्याशा विजेनंही ती उडू शकते, असं तो मुक्ताला समजावत होता. बॅगेच्या जागी त्यानं रेझिस्टर जोडला. मी दचकलो. "फसवायला नाय, काका, इचारायला. चुकी बॅगेत हाय का वायरीत, एवढंच गाडीला इचारतोय. काम झालं की काढणार." बॅटरी जोडून पाहिलं. बिघाड तसाच. म्हणजे बॅग चांगली होती. पुन्हा तार सोडली, पुन्हा दहा मिनिटं. स्टिअरिंगमागं घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक पट्टी असते, तीही त्यानं तपासली. शाबूत. मग तो स्टिअरिंगच्या दांड्याखाली डोकं घालून आडवा झाला आणि तिथला पिवळा जोड उघडला. आतल्या दोन पिना हिरव्या पडल्या होत्या, आणि भोवती पिवळी खपली.

"काका, इथं हळद कशी आली?"

मग मला सगळं सांगावं लागलं. दसऱ्याला मी एकट्यानं गाडीची पूजा केली होती. ती देवाला दुधानं, नारळाच्या पाण्यानं आंघोळ घालायची हे मला आठवत होतं. मीही घातली. टाक चिकटवलेला होता, म्हणून स्टिअरिंगवरच तांब्या रिकामा केला आणि वर हळद उधळली.

सोपान दांड्याखालीच हसायला लागला. मुक्ता दारात बसून पोट धरून हसत होती. "बाबा! आई देव ताटलीत काढून घ्यायची. आणि गाडी चालवताना कप्प्यात ठेवायची. तुम्ही शेजारी बसून काय बघत होता?" मीही हसलो. पाट्या वाचत होतो, दुसरं काय.

त्यानं जोड पुसला, खराब पिना कापून नव्या लावल्या. प्रत्येक पिन घरात बसवताना तो पुटपुटत होता : "ढकल. ऐक. वढ." ढकलायची, टक् आवाज ऐकायचा, मग मागं ओढून बघायची. मी वाकून ऐकू लागलो. आमच्या घरात गॅसची नळी, दाराची कडी, नातेवाइकांच्या ट्रंकांची कुलपं, सगळं याच तीन शब्दांनी बंद होत असे.

"हे कुठं शिकलात?"

"वाळूजला. कंत्राटी होतो, दोन वर्सं. तपासणीला एक बाई होत्या, आमच्याच भागातल्या. मला तीनदा नापास केलं त्यांनी. म्हणल्या, सोपान, ही वायर कुणाच्या तरी लेकराच्या गाडीत जायची हाय, वढून बघ. लई बोलायच्या, पण डबा उघडला की पयला घास माझ्याम्होरं."

मुक्तानं फोनवरचा आईचा फोटो पुढं केला. सोपाननं हात लुंगीला पुसले, पुन्हा पुसले, आणि मगच फोन हातात घेतला. "व्हय," तो म्हणाला. "ह्याच." मग तो पुन्हा खाली वाकला आणि बसवलेल्या दोन्ही पिना त्यानं परत एकदा ओढून पाहिल्या.

रेझिस्टर निघाला, बॅग जागेवर गेली, बॅटरीची तार जोडली. किल्ली फिरवल्यावर लाल दिवा लागला, आणि काही क्षणांनी तो आपोआप विझला. मुक्तानं तीनदा किल्ली फिरवून पाहिली. तिन्ही वेळा विझला. तिनं नवऱ्याला फोन लावला आणि रस्त्यावर ओरडूनच सांगितलं.

रविवारी आम्ही बिरोबाला गेलो. मुक्ता गाडी चालवत होती, मागं बाळ आणि मी. देव माझ्या खिशात होता. सोपान बायको आणि भावासह ढोल घेऊन आला होता. मुक्तानं लेकराला देवाच्या पायावर घातलं, भंडारा उधळला, आणि नात त्या पिवळ्या धुरळ्यात शिंकली आणि खुदकन हसली. मी हात जोडले. मला माझ्या पत्नीचं जाणं अजून समजलेलं नाही, आणि ते मला समजलं पाहिजे असा माझा हट्टही आता उरलेला नाही. मी देवाला चिकटवून ठेवायला गेलो, त्यावर दूध-पाणी ओतलं, आणि वाट बंद करून बसलो. वाट उघडायला त्यानं तिच्याच हाताखाली शिकलेला माणूस पाठवला. हा योगायोग असेल. मला वाद घालायचा नाही. मला फक्त आभार मानायचे आहेत, आणि ते कुणाचे मानायचे हे मला आता माहीत आहे.

मुक्ता पुण्याला असते. गाडी माझ्याकडं आहे. रविवारी सोपान येतो, आणि मी फुलंब्रीच्या वाटेवर ती चालवायला शिकतो. नाव रोज घेतो.