हौसाक्काचा डबा

पुण्याहून निघतानाच मी परतीची दोन तिकिटं काढून ठेवली होती. येताना शांतवनकाका माझ्याबरोबर असणार होते. त्यांची बायको, माझी रूथमावशी, उन्हाळ्यात गेली. मूलबाळ नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं कोडोलीत एकट्यानं काय करायचं? काका फोनवर ‘बघू’ म्हणाले होते. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं ‘हो’ असा लावला.

कोल्हापूरला एसटी बदलली आणि पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता धरला. गाडी मुंगीच्या पावलांनी चाललेली, मी सारखी घड्याळ बघतेय. शेजारच्या फेटेवाल्या आजोबांना राहवेना.

“पावणं, कुठं निघालाय?”

“कोडोलीला. नाताळला.”

“नाताळ परवा हाय न्हवं? मग पोचतोय की तवर!”

मी घड्याळावर पदर ओढला. खिडकीबाहेर जोतिबाचा डोंगर हळूहळू जवळ येत होता, तुटलेल्या उसाचा गोडूस वास गाडीभर पसरला होता. लहानपणी याच रस्त्यानं येताना मी वळणावरूनच मावशीच्या दारावरची चांदणी शोधत असे. कळकाच्या कामट्या, त्यावर लाल पतंगाचा कागद आणि आत बल्ब. आताही नजर तिथंच गेली. दार तेवढं दिसलं. मला एकदम मावशी हवीशी झाली.

काकांनी चहा केला. घर झाडून लख्ख, पण तळणाचा वास नाही.

“औंदा कढई चढवायची न्हाय,” ते म्हणाले. (घरात माणूस गेलं की पहिल्या सणाला तळण करत नाहीत. नाताळ असो की दिवाळी, गावाची रीत एकच.) “पर त्यो हौसाक्काचा डबा ऱ्हायलाय.”

फळीवर स्टीलचा मोठा डबा होता, झाकणावर नाव कोरलेला. हौसाक्का म्हणजे शेजारची, मावशीची जिवाभावाची मैत्रीण. दिवाळीला तिचा फराळ त्या डब्यातून यायचा आणि नाताळला मावशीच्या करंज्या भरून डबा परत जायचा. वर्षानुवर्षं चाललेलं.

“रिकामा डबा तिच्या दारात न्यायचा कसा? आनि दिल्याबिगार गाव सोडायचं कसं?”

मी पुण्याहून आणलेला केक पुढे केला. काकांनी केककडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, “गूळ चालंल. त्याला कढई लागत न्हाय. फाट्यावरच्या गुऱ्हाळातनं आन जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. फाटा लांब, आणि इथं ओढ्यापलीकडेच गुऱ्हाळाचा धूर दिसत होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा कशाला? काहिलीत रस रटरटत होता. तिथल्या माणसानं आधी हातावर गरम काकवी (उसाच्या रसाचा पाक) घातली आणि मग गूळ बांधून दिला. माझी जीभ भाजली, पण गूळ सोन्यासारखा होता. मी स्वतःवरच खूश होऊन परतले.

नाताळच्या सकाळी आम्ही चर्चला जाऊन आलो. गाणी तीच होती. मावशीचा किंचित बेसूर आवाज तेवढा नव्हता, आणि मला तोच ऐकायचा होता. बाकावर काकांनी तिच्यापुरती जागा सोडली होती. तिथं कुणीही बसलं नाही.

मग आम्ही डबा घेऊन शेजारी गेलो. हौसाक्कानं झाकण उघडलं, एक खडा तोंडात टाकला आणि ओरडली, “आगं, ह्यो तर आमच्याच काहिलीतला हाय की!”

ओढ्यापलीकडचं गुऱ्हाळ तिच्याच मुलाचं होतं! काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की पोटात आलेलं हसू तिथंच थांबलं. हौसाक्का मात्र खदखदा हसली, आणि हसता हसताच तिनं पदर डोळ्यांना लावला.

“रूथ असती तर आज लोळून हसली असती बघा,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ दे दादा. डबा रिकामा न्हाय आला, बास.”

निघायच्या दिवशी काकांची पिशवी दारात तयार होती. तेवढ्यात हौसाक्का आली, हातात तोच डबा. “करंज्या हायत. त्याच गुळाच्या. रूथनं शिकिवल्या तशा केलोय.” (इथल्या बायका ‘केलोय’च म्हणतात.) “डबा न्या संगट. पर रिकामा परत घ्यायची न्हाय हां मी.”

काका डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसले. एसटीचा हॉर्न ऐकू आला. मी पिशवी उचलली, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

“पुढच्या नाताळला कढई चढंल,” ते म्हणाले. “डबा भरून द्याया घरात कुनीतरी पायजेल का नगो?”

माझ्या वाटणीच्या करंज्या त्यांनी वर्तमानपत्रात बांधून दिल्या.

परतीच्या गाडीत शेजारची जागा रिकामी होती. कराडपर्यंत मी काकांवर चिडलेली होते. नंतर पुडी सोडली. करंजी अगदी मावशीच्या हातची लागली आणि मी खिडकीकडे तोंड करून रडले.

घरी पोचल्यावर उरलेल्या करंज्या ठेवायला डबा हवा होता. फळीवरचे सगळे डबे खाली काढले, एखादा कुणा शेजारणीचा निघेल म्हणून एकेकाचं झाकण उलटून नाव बघितलं. सगळे माझेच होते.