वळणावरचे दोन फोटो

"मोठा कॅमेरा आणा. तो खिशातला नको," वकीलसाहेब म्हणाले. "आणि त्याची ती लांब लेन्स विसरू नका."

मी चमकलो. शिरूरला, म्हणजे जुनी माणसं ज्याला घोडनदी म्हणायची त्या गावात, माझा स्टुडिओ होता. फोटोत आपण गोरे दिसावं एवढं गिऱ्हाईक सांगायचं. लेन्स कुठली लावायची हे सांगणारा हा पहिलाच भेटला.

"तुमच्या शोकेसमधला नदीचा फोटो पाहिला," ते म्हणाले. "घाटामागचं देऊळ त्यात किती जवळ आलंय! प्रत्यक्षात ते पाव मैल मागे आहे. मला तसंच काम पाहिजे."

नवे पैसे बाजारात नुकते रुळले होते, त्या वेळची ही गोष्ट. तेव्हा माझ्याकडे दोन कॅमेरे होते. मोठा सागवानी, भात्याचा, तीन पायांच्या स्टँडवर उभा राहणारा. डोक्यावर काळं कापड घ्यायचं, मागच्या काचेवर उलटं चित्र बघायचं आणि मग प्लेट घालायची. त्याच्या लेन्स बदलता येत. रुंद लेन्स पुष्कळ पसारा आत घेते, पण त्यात सगळं दूर गेल्यासारखं दिसतं. लांब लेन्स थोडंच घेते, पण लांबचं जवळ ओढून आणते. तिसरी मधली. छोटा कॅमेरा घडीचा, पुण्याला जुन्या बाजारात घेतलेला. त्याला एकच लेन्स, कायमची बसवलेली. साधारण डोळ्याला दिसतं तसं ती दाखवते.

मोठ्या कॅमेऱ्याचा मला भारी तोरा होता. छोटा मी बारशाला आणि पास फोटोला वापरी.

काम होतं याकोब साळव्याचं. याकोब ट्रक चालवायचा. शिरूरला चर्चच्या मागच्या चाळीत राहायचा, आणि दर नाताळाला तिथल्या मंडळींचा ग्रुप फोटो काढायला मी जात असल्यामुळे ओळखीचा होता. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून कांदा भरून तो दौंड स्टेशनला निघाला होता. गावाबाहेरच्या वळणापुढे, एका बाभळीजवळ, बाजार करून घरी चाललेली तानूबाई नावाची बाई त्याच्या गाडीखाली आली आणि जागीच गेली. याकोबवर केस झाली. शिक्षा झाली असती तर तुरुंग, आणि मागे बायको नि तीन मुली.

वकीलसाहेब याकोबच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं असं की, वळण घेतल्याबरोबर बाभळीआडून बाई समोर आली. ड्रायव्हरला ती दिसायला वेळच मिळाला नाही. म्हणून बाभूळ वळणाला चिकटून आहे, असं दिसणारा फोटो हवा.

आम्ही जागेवर गेलो. मी वळणापासून बाभळीपर्यंत चालून पाहिलं. सत्तर पावलं भरली. तानूबाईच्या जागी कुणीतरी उभं राहायला हवं होतं. शेतातल्या बायकांना विचारलं, पण मेल्या बाईच्या जागी उभी राहायला एकही तयार होईना. शेवटी वकिलांचा कारकूनच डोक्यावर पाटी घेऊन बाभळीखाली उभा राहिला. धोतर, काळा कोट आणि वर पाटी. दुसऱ्या कुठल्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो असतो.

गाडीच्या मालकाने तीच गाडी याकोबबरोबर पाठवली होती. मोठा कॅमेरा काही केबिनमध्ये मावेना. मग वळणावर रस्त्यातच स्टँड पुरता उंच केला, पेटीवर चढलो आणि ड्रायव्हरच्या डोळ्याच्या उंचीवरून लांब लेन्स रोखली. काचेवर बघितलं तर कारकून दहा-पंधरा पावलांवर आल्यासारखा. वकीलसाहेबांनी कापडाखाली डोकं घातलं आणि बाहेर येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. मग मी प्लेट घालून फोटो घेतला.

वकीलसाहेब निघून गेले, पण कारकून अजून बाभळीखालीच होता. मी छोटा कॅमेरा घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. कशाला, ते मला नीट सांगता येणार नाही. सवय म्हणा. एक फोटो घेतला. बघायच्या खिडकीतून कारकून दूर, पण स्वच्छ दिसत होता.

याकोब शेजारी बसला होता. हळूच म्हणाला, "भाऊ, म्या पायलं व्हतं तिला."

"काय?"

"हितूनच पायलं. ती रस्ता वलांडत व्हती. म्या गाडी हळू केली. ती पार पल्याड गेली, म्हनून तिच्या मागनं गाडी काढाया लागलो. आन् एकदम माघारी फिरली, भाऊ. का फिरली, देवाला ठावं."

"हे वकिलांना सांगितलंस?"

"सांगितलं की. ते म्हनले, पायलं म्हनलास की गेलास आत. पायलंच न्हाई असं म्हन."

मी वकिलांना गाठलं. ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बाई आपण होऊन मागे फिरली, याला साक्षीदार कोण? एकटा ड्रायव्हर. त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? फोटोवर सगळे ठेवतात. तुम्ही काही खोटं करताय का? लेन्स तुमचीच, रस्ता सरकारचा."

मला ते पटलं असं नाही, पण याकोब आत जाऊ नये असं मनापासून वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर, आपला फोटो कोर्टात मोठ्या आकारात लागणार याचं सुखही होतं. मोठी प्रिंट वकिलांना दिली, छोटी ड्रॉवरमध्ये टाकली.

कोर्टात मला ईश्वराची शपथ दिली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "हा फोटो तुम्हीच काढला?"

"हो."

"यात काही रिटचिंग? काही फेरफार?" रिटचिंग म्हणजे प्लेटवर पेन्सिलीने केलेली दुरुस्ती.

"नाही, साहेब."

"जागा हीच?"

"हीच."

तिन्ही उत्तरं खरी होती. लेन्सबद्दल कुणी विचारलं नाही आणि मी मूग गिळून बसलो. नरो वा कुंजरो वा म्हणतात ते यालाच. मग याकोबने बायबलवर हात ठेवून सांगितलं की, बाई मला दिसलीच नाही. समोरच्या बाकावर तानूबाईचा नवरा, महादू आबा, बसला होता. ते वाक्य ऐकून त्याने मान खाली घातली, ती निकाल लागेपर्यंत वर केली नाही.

याकोब सुटला. मी पेढे मिळतील म्हणून वाट पाहिली, पण तो आलाच नाही. पुढं कळलं की त्याने स्टिअरिंग सोडलं आणि दौंडला मालधक्क्यावर वॅगनमध्ये पोती भरायला लागला. नाताळच्या ग्रुप फोटोत तो कडेला उभा होता. चर्चचे पाळकसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा हल्ली प्रभुभोजनाची पवित्र भाकर घेत नाही. शेवटच्या बाकावर बसतो आणि उठून जातो. तुम्हाला काही माहीत आहे का?"

मी नाही म्हणालो. हे मात्र सरळ खोटं होतं.

निकालाला वर्ष झालं असेल. एका दुपारी महादू आबा स्टुडिओत आले. मी बसायला स्टूल दिलं आणि रिवाजाप्रमाणे तंबाखूची पिशवी पुढे केली. त्यांनी हात जोडले.

"सोडली," ते म्हणाले. मग स्टुलावर बसत, "आमच्या मंडळींचा एक बी फोटो न्हाई. कवा काढलाच न्हाई. तुमी त्या जागंचा काढला व्हता. त्यो तरी द्या. श्राद्धाला ठिवीन."

कोर्टातल्या फोटोची दुसरी प्रिंट मागच्या भिंतीवरच टांगलेली होती. ती काढून त्यांच्या हातात द्यायचा मला धीर झाला नाही. मी ड्रॉवर उघडला आणि छोट्या कॅमेऱ्याचा फोटो दिला.

आबांनी तो उजेडात धरला. बराच वेळ पाहिला.

"हे गाडीतनं काढलंय?"

"हो. ड्रायव्हरच्या सीटवरून."

"मंग हितून तर ती चांगली लांबून दिसती की." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "म्हंजी त्यानं पायली व्हती."

आता तोंड लपवायला काळं कापड नव्हतं. मी सगळं सांगितलं. लेन्सचं सांगितलं, वकिलांचं सांगितलं आणि याकोब त्या दिवशी गाडीत काय बोलला तेही शब्दाला शब्द सांगितलं. आबा चिडतील, पोलिसांत जातील, असं वाटलं होतं. जावं त्यांनी, असंही वाटलं.

आबा म्हणाले, "माघारी फिरली?"

"असं तो म्हणाला."

"फिरली आसंल." त्यांनी फोटो मांडीवर ठेवला. "बाजारातनं येताना तिचं कायतरी ऱ्हायचंच. निम्म्या वाटंवरनं फिरायची. त्या दिशी म्या तंबाखू आनाया सांगितली व्हती. नंतर पाटीतलं गठुडं सोडलं तवा मीठ व्हतं, मिरची व्हती. तंबाखू नव्हती."

वकिलांना जो साक्षीदार मिळत नव्हता, तो कोर्टात समोरच्या बाकावर बसलेला होता. त्याला कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.

"म्या सांगितलं असतं की," आबा म्हणाले. "खरं ते सांगाया काय जातंय? वरीसभर मला येकच लागून ऱ्हायलं. मानूस मेलं आन् मारनाऱ्याला ते दिसलं बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन मी एस.टी.ने दौंडला गेलो. याकोब मालधक्क्यावर पोतं उतरवत होता. आबांना बघून त्याने पोतं खाली टाकलं आणि हात जोडून उभा राहिला.

आबांनी विचारलं, "तू पायलं व्हतंस न्हवं तिला?"

"व्हय आबा." याकोब म्हणाला. "डोक्यावर पाटी व्हती. हिरवं लुगडं. म्या गाडी हळू केली व्हती, आबा, शपथ."

"हिरवंच व्हतं," आबा म्हणाले, आणि त्यांनी याकोबच्या खांद्यावर हात ठेवला.

माझ्या दोन्ही फोटोंत तो रंग नव्हता.

पुढच्या नाताळात याकोब मधल्या रांगेत उभा होता. प्रभुभोजन घेतो का, हे मी पाळकसाहेबांना विचारलं नाही. तो माझा धंदा नव्हे. माझ्या धंद्यापुरतं एवढंच सांगतो. लग्नाला, देवळाला, नदीला मोठा कॅमेरा न्यावा आणि हौसेने लेन्स बदलाव्यात. कोर्टाच्या कामाला मी त्यानंतर कायम छोटाच नेला. वकील कुरकुरायचे. मी म्हणायचो, "साहेब, याची लेन्स निघत नाही. म्हणूनच आणलाय."