पणजोबांच्या कबरीवर घण

दोस्तहो, माझे पणजोबा बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. साखरखेर्ड्याजवळ एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्यांची कबर आहे, एवढंच आजी सांगायची. घराण्याचा शोध तिथूनच सुरू करू म्हणून आज गेलो.

दगडावर हिब्रू अक्षरं दिसली. तेवढ्यात शेतमालकानं विचारलं, "तुमी कोन?"

"यांचा पणतू," मी अभिमानानं सांगितलं.

तो घण घेऊनच आला. "वारस निंघाला म्हंजे उद्या सातबाऱ्यावर नाव लावसान."

पहिल्याच घावात दगड फुटला. मी आडवा गेलो, तर त्यानं घणाचा दांडा माझ्या कपाळात हाणला.

आधी फोटो काढायचा, नातं मग सांगायचं. एवढी अक्कल यायला चार टाके पडले.

पोलीस ठाण्यात हवालदारानं विचारलं, "मयत तुमचे कोण? पुरावा काय?"

पुरावा तर शेतमालकानंच फोडला. तुम्ही काय सांगितलं असतं?