परकराच्या नाडीवरची खूण

"पोटात बाळ नाही, गाठ आहे," परभणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मला हायसं वाटलं! सांगायला लाज वाटते, पण खरं तेच. चाळिशी उलटलेली, लेक सासरी पोटुशी, आणि इकडे माझंही पोट वाढायलेलं. मी ते कित्येक महिने पदराखाली झाकलं. आमच्या झरी गावातल्या शेजारणी गुपचूप चिंचा आणून द्यायच्या. धाकटी नणंद शांता तर चारचौघींत म्हणाली, "वैनी, लेकीआधी तुमचंच डोहाळजेवण करावं लागतंय का काय?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि दवाखाना आणखी लांबवला.

गाठ ओव्हरीची, म्हणजे अंडाशयाची होती. कॅन्सरची. पोट फुगलं होतं ते असायटिसनं, म्हणजे आत पाणी साचून. औरंगाबादला ऑपरेशन झालं, मग केमोची सलाईनं. त्यांनी उलट्या व्हायच्या, तेव्हा शांता घमेलं धरून बसायची. थट्टेचं एक अक्षर नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

केमो संपल्यावर मोठे डॉक्टर म्हणाले, "रेमिशन आहे. म्हणजे आता आजार सापडत नाही. गेला, असं मी म्हणणार नाही."

आमच्या ह्यांनी गावभर 'बरी झाली' म्हणून पेढे वाटले. पेढा मीही खाल्ला. पण ह्यांचा चष्मासुद्धा रोज सापडत नाही, आणि असतो घरातच.

मग मी माझी तपासणी स्वतःच काढली. परकराच्या नाडीवर निळ्या दोऱ्यानं खूण शिवली. सकाळी नाडी त्या खुणेवर बांधता आली की तो दिवस माझा.

संक्रांतीला नवी नाडी ओवली, तिच्यावरही खूण केली. तिसऱ्या दिवशी सकाळी नाडी खुणेवर पुरेना. दोन बोटं कमी! श्वास ओढून धरला, तरी नाही. या वेळी मात्र चहाच्या आधी ह्यांना सांगितलं. शांता न विचारताच पिशवी घेऊन निघाली. पहिली एसटी धरून आम्ही तिघांनी औरंगाबाद गाठलं.

डॉक्टरांनी बराच वेळ पोट चाचपलं. "पाणी नाही. गाठही हाताला लागत नाही."

मी नाडीची हकिकत सांगितली. शांता मधेच म्हणाली, "वैनी, ती नाडी धुतली का तुमी?"

"काल पहिल्यांदाच."

"अवं, कोरी सुती नाडी हाय ती! पहिल्या धुण्यात आटती की!"

नर्सबाई तोंडाला रुमाल लावून बाहेर गेल्या. ह्यांनी चष्मा पुसायला काढला. मी डोक्यावरून पदर ओढून कशीबशी म्हणाले, "माफ करा डॉक्टरसाहेब, उगीच आले."

डॉक्टर हसले नाहीत. "मागे लाजून घरी बसलात. आता लाजत का होईना, आलात. असंच यायचं."

"आणि खरंच दुखणं उलटलं असलं तर?"

"तर या वेळी लवकर कळेल."

यापेक्षा जास्त भरवसा त्यांनी दिला नाही. त्यांच्यापाशी नव्हताच तो.

घरी आल्यावर शांतानं आटलेल्या नाडीवर नवी खूण शिवली, दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "आता जरा कमी खात जा." ती पुन्हा थट्टा करायला लागली, तेव्हा कुठं मला त्या पेढ्याची चव कळली.

बायांनो, पोट वाढलं तर चिंचा खात बसू नका, दाखवून या. माझी नाडी आजही खुणेवर बसली. उद्याचं ठाऊक नाही. नाही बसली तर पुन्हा लाज वाटेल. तिला घेऊनच निघेन. एसटीत लाजेला तिकीट लागत नाही, आणि शेजारच्या सीटवर शांता असतेच.