डब्यावरचं बाळ

खंडाळ्यात आलो तेव्हा मी विशीतला होतो. शाळा चौथीतच सुटलेली, घर पार खानदेशात. असल्या माणसाला दारात कोण उभं करणार? एका तरुण इंग्रज साहेबानं केलं. मुंबईतली चांगली नोकरी सोडून त्यानं घाटाच्या कडेला जुना बंगला भाड्यानं घेतला होता. दुसऱ्याचा माल विकण्यापेक्षा स्वतःच्या नावाचा माल काढायचा, हे त्याच्या डोक्यात बसलेलं.

कल्पना त्याला अंगणातच सापडली. माळ्याची सून आपल्या बाळाला नाचणीचं सत्त्व भरवायची आणि बाळ असं गुटगुटीत, की येणाराजाणारा थांबून बघायचा. साहेब म्हणाला, हेच डब्यात घालू. आधी मुंबईच्या मडमा घेतील, मग विलायतेतल्या. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून सून सत्त्व वाळवायची. डबे भरणं आणि खळ लावून त्यांवर लेबलं चिकटवणं माझ्याकडे. निजायला मालाचीच खोली. दोन वेळचं अन्न आणि डोक्यावर छप्पर, हे त्या माणसाचे उपकार. ते एका चुकीनं जातील, या धास्तीनं मी जेवतानाही अर्धा उठलेला असायचो.

लेबलाचं डोकंही त्याचंच. "गोरा बच्चा तो सब छापते हैं," तो म्हणे, "चितारी लोगों का बनाया हुआ, झूठा!" त्याला खरं बाळ हवं होतं, हेच खाऊन वाढलेलं. लोणावळ्याहून फोटोवाला आला. बाळाच्या गालावर आईनं काजळाची तीट लावली होती. फोटोत डाग दिसेल म्हणून साहेबानं ती आपल्या रुमालानं हलकेच पुसली. सून लाजून हसली. तिची सासू, जिला आम्ही सगळे मावशी म्हणायचो, ती मात्र उठून आत गेली.

लेबलं छापून आली, पहिला माल मुंबईला गेला आणि बाळानं दूध पिणं सोडलं.

ताप नाही, जुलाब नाही. नुसतं उतरत चाललं. लोणावळ्याचे डॉक्टर तपासून गेले, त्यांना काही सापडेना. मावशीनं मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या, तर घरात कुणाला ठसका आला नाही. मीही तिथंच होतो. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही.

त्या दिवसांत धुकं खिडकीतून सरळ आत यायचं आणि भर दुपारी कंदील लावावा लागायचा. फळीवर डब्यांच्या रांगा, प्रत्येकावर तेच हसू. फोटो काढताना बाळानं नेमकं भिंगात बघितलं होतं, त्यामुळे कुठंही उभा राहिलो तरी ते माझ्याकडेच बघे. दमटपणानं खळ सुटायची आणि कागद गालाशी फुगायचा. मी अंगठ्यानं दाबून बसवी. पाठ फिरवून पुन्हा बघितलं की गाल वर आलेले, कालच्यापेक्षा भरलेले. हा कागदाचा गुण, मला कळत होतं. तरी मी तिथं निजायचं सोडलं, व्हरांड्यात पडू लागलो.

मावशी एकदा दाराशी येऊन रांगांकडे बघत राहिली. म्हणाली, "बग की रं खानदेशी, डब्यातलं कसं फुगतंय! आन् पदरातलं वाळतंय."

"मावशी, कागद हाय तो."

"मानसं कागदच बगत्यात न्हवं? एवढ्या मानसांची नजर, आन् गाल उघडा!"

दुसऱ्या दिवशी सून काजळाची डबी घेऊन आली. बाळ पाठीशी बांधलेलं, मान टाकलेली.

"भाऊ, मला लावू द्या. समद्यांना."

"साहेब मला हाकलून देईल, ताई."

"देईल," ती म्हणाली आणि खाली बसली.

काय करणार? मी डबे पुढं सरकवत गेलो. लेबलाला चकाकी होती, काजळ धरेना. मग मी कंदिलाची काजळी डिंकात खलून दिली. मी लावायला गेलो तर तिनं हात धरला. "आईचंच बोट लागतं." एकेक डबा ती मांडीवर घेई, बघे, तीट लावी आणि खाली ठेवताना मान सांभाळावी तसा वरून धरी.

साहेब आला तेव्हा निम्मे डबे झाले होते. "ये क्या किया?" सुनेनं पाठीचं बाळ सोडून त्याच्या हातात दिलं. बाळ इतकं हलकं, की वजन गृहीत धरलेले त्याचे हात वर उडाले. तो पांढरा पडला. मग बाळाला धरून तिथंच खोक्यावर बसला आणि मला म्हणाला, "दिया नज़दीक लाव. उसको दिखता नहीं."

डबे संपले तेव्हा बाळानं कूस बदलून छाती शोधली. आठवड्यात मूठ आवळू लागलं.

उरला तो पहिला माल. तो परत आणायला साहेब स्वतः मुंबईला गेला. परतला तो स्टेशनापासून धावतच. "सब बिक गये! एक भी नहीं बचा! और मँगते हैं!" कुठल्याही नव्या धंदेवाल्यानं आयुष्यभर वाट बघावी अशी ती बातमी. अंगणात सून उभी दिसली आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"कुनी नेले?" तिनं विचारलं.

साहेब माझ्याकडे बघू लागला. तो पुटपुटला ते मी तिला सांगितलं: काही मुंबईत, काही बोटीवर.

"म्हंजे पार समुद्रापल्याड?" ती म्हणाली आणि बाळाचं तोंड पदरानं झाकून घेतलं.

पोरगं जगलं. माझी नोकरीही राहिली. माल चालला तोवर प्रत्येक डब्याला तिचंच बोट लागलं. पुढं लढाईत पत्रा मिळेनासा झाला आणि सगळं बंद पडलं. पण चालू लागल्यापासून त्या पोराला एक खोड होती. अंगणात खेळता खेळता मध्येच थांबायचं, रिकाम्या धुक्याकडे बघून हसायचं आणि दोन्ही हात वर करायचं, कुणी उचलून घ्यायला वाकल्यासारखं. सून हातातलं काम टाकून पळत यायची आणि त्याला आधी उचलायची.