दाताळ्याच्या रेघा

विश्वनाथ पहाटे चारला उठतो आणि लांब दांड्याचं लोखंडी दाताळं खांद्यावर टाकून कंपनीच्या वसाहतीच्या, म्हणजे कंपाउंडच्या, किनाऱ्यावर जातो. रात्रीतून वाहून आलेलं शेवाळ ओढून ढीग करायचे, ढीग घमेल्यात भरून भिंतीमागे टाकायचे, मग सगळ्या वाळूवरून सरळ रेघा ओढत मागे मागे यायचं. सौदीतल्या जुबैलच्या उन्हाळ्यात सातनंतर वाळूवर पाय ठेववत नाही, म्हणून हे सगळं त्याआधी. संध्याकाळी साहेबलोकांची कुटुंबं खाली उतरतात तेव्हा किनारा असा दिसतो की त्याला कधी कोणाचा हात लागलाच नसावा.

तो जयगडजवळच्या खारव्यांच्या गावातला. वडिलांची होडी होती, ती गेली. मग तो इकडे परांच्या बांधणारा स्कॅफोल्डर म्हणून आला, बारा वर्षं प्लांटवर पाइप चढवले. खांदा निखळल्यावर कंपनीने घरी पाठवायच्या ऐवजी कंपाउंडच्या कामावर टाकला. "काका, समुद्र सोडून आलो तर समुद्राने इथपत्तर पाठलाग केलान," असं तो मला म्हणाला होता. मी ऑफिसात हजेरी आणि कागदपत्रं बघतो. माझं वय सहासष्ट. कंपनीने अजून ठेवलंय, म्हणून मी कोणाच्या अध्यातमध्यात नसतो.

गेल्या मे महिन्यात विश्वनाथने रजेचा अर्ज दिला. त्याची आई तुळसाबाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पार पिकला होता. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की जुलैच्या पुढे नेऊ नका. पण म्हातारी हटून बसली होती. डोळ्यावरची पट्टी सुटली की पहिलं तोंड विश्वनाथाचं दिसलं पाहिजे, नाहीतर मी हात लावू देणार नाही. त्याची बायको सत्यभामा फोनवर रडकुंडीला आलेली. "तुम्ही या नाहीतर आईंना समजवा. माझ्याच्याने दोन्ही होत नाही."

अर्जावर सही हवी होती श्रीपाद साहेबांची. ते सेफ्टीचे प्रमुख, कंपाउंडही त्यांच्याच अखत्यारीत. पुण्याचे. सही झाली की देशाबाहेर जाऊन परत यायचा परवाना मी काढून देणार, एवढंच बाकी होतं. अर्ज तीन आठवडे त्यांच्या टेबलावर होता.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी त्यांनी मला घरी बोलावलं. पासपोर्टच्या प्रती आणायच्या होत्या. त्यांचं कुटुंब जुलैत बार्बाडोसला निघालं होतं. मालदीवला त्यांचे सगळे ओळखीचे जाऊन आले होते, म्हणून वासंती वहिनींना कॅरिबियनच पाहिजे होतं. दोन रिसॉर्ट हाती उरले होते आणि घरात चार दिवस भांडण चाललं होतं.

"विश्वनाथला पण घेऊन या," साहेब फोनवर म्हणाले. "समुद्रावरचा माणूस आहे. जरा गंमत."

मी त्याला घेऊन गेलो. त्याला वाटलं रजेचं काम झालं. धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून आला.

वहिनींनी दार उघडलं, त्याच्या पायांकडे बघितलं, आत गेल्या आणि वर्तमानपत्र आणून दारापाशी पसरलं. "वाळू पडते रे. इथंच उभा राहा." तो त्या कागदावर उभा राहिला. मी मात्र सोफ्यावर बसलो. मला बसायला सांगितलं होतं.

टॅब्लेटवर दोन्ही रिसॉर्टचे फोटो होते. एक बेटाच्या पश्चिमेला, जुनं, छोटं, खोल्यांना पंखे. दुसरं पूर्वेला, पांढरंशुभ्र, समुद्रात विरघळल्यासारखा पोहण्याचा तलाव. तेरा वर्षांची आर्या म्हणाली, "डॅड, ऑब्व्हियसली सेकंड वन." तिचा भाऊ सुमीत फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "पूलमध्ये बार आहे."

"सांग रे विश्वनाथ, कुठला घेऊ?" साहेब हसत होते. "तुझ्या पसंतीने जातो."

विश्वनाथने टॅब्लेट दोन्ही हातांत प्रसादाच्या ताटासारखा धरला. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "साहेब, ह्या पांढऱ्या हाटेलात सूर्य समुद्रातनं वर येतो काय?"

"हो तर! पलंगावरून सूर्योदय. तीच तर मजा आहे."

"मग हा नको."

"का?"

"ही वाऱ्याच्या तोंडावरची बाजू. माड बघा, सगळे जमिनीकडे कलंडलेत. मोठा समुद्र जे आणील ते सगळं इथंच लागणार. आणि ही वाळू बघा." त्याने बोटाने फोटो मोठा केला. "एक शिंपली नाय, कुर्लीचं बीळ नाय. ह्या रेघा दिसतात? दाताळ्याच्या आहेत. कोणीतरी पहाटे ओढून गेलाय. आणि हा कोपऱ्यातला दगड नाय साहेब, ढीग आहे. फोटो काढणाऱ्याला लपवता आला नाय."

"कसला ढीग?"

"शेवाळाचा. एवढा ढीग रोजचा नसतो. हंगामाचा असतो. उन्हात कुजला की एच टू एस सुटतो. आपण प्लांटवर ज्या वासाला पळतो, तोच."

प्लांटवर त्या विषारी वायूचा, हायड्रोजन सल्फाइडचा, मीटर छातीला लावल्याशिवाय कोणाला आत सोडत नाहीत. त्यावरचं व्याख्यान श्रीपाद साहेबच देतात. मी ते नऊ वेळा ऐकलंय.

साहेब खो खो हसले. "म्हणजे मी हॉलिडेला मीटर लावून जाऊ? आर्या, ऐकलंस? मास्क पॅक कर!"

आर्या हसली. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी विश्वनाथच्या हातातून टॅब्लेट घेतला, टेबलावरचा ओला रुमाल ओढला आणि काच पुसली. दोनदा पुसली. "आम्ही पंखेवाल्या खोलीत राहायचं आणि ह्याच्यासारखं दगडावर बसून मासे धरायचे," त्या साहेबांना म्हणाल्या. "कोणाला काय विचारावं, काही आहे की नाही?"

विश्वनाथ वर्तमानपत्रावरच उभा होता. "नाय वहिनी, मला विचारलंत म्हणून सांगितलं." मग थोडं थांबून, "साहेब, माझा रजेचा कागद..."

साहेबांचं हसू अजून ओसरलं नव्हतं. "शेवाळाचा हंगाम असतो ना रे? तूच सांगतोयस. मग तू गेलास तर इथलं कोण ओढणार? मी आल्यावर बघू."

आपण काहीतरी चतुर बोललो अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हसलो. ते हसू मला अजून तोंडात जाणवतं, केस आलेल्या घासासारखं.

बाहेर आल्यावर विश्वनाथ म्हणाला, "चांगला आहे चांगला आहे म्हटलं असतं तर सही झाली असती ना, काका?"

"झाली असती."

"पण त्यांची पोरं आहेत हो बरोबर."

ते पांढऱ्या रिसॉर्टलाच गेले. जुलैत निघण्याआधीच्या बुधवारी मी नेहमीप्रमाणे सह्यांची फाईल घेऊन आत गेलो. वीस-बावीस कागद असतात, प्रत्येकावर सहीच्या जागी मी पिवळी चिठ्ठी लावतो. विश्वनाथचा अर्ज त्यांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये वरच पडलेला होता. तो उचलून फाईलमध्ये सरकवायला दोन सेकंद पुरली असती. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. त्यांनी पाहिलं तर? सहासष्टाव्या वर्षी मला कोण ठेवील?

जुलैत तुळसाबाईने डॉक्टरांकडे जायला नकार दिला. "येतो म्हणालाय, थांबते," एवढंच म्हणायची. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उजवा डोळा रात्रंदिवस ठणकू लागला तेव्हा सत्यभामेने तिला उचलून रत्नागिरीला नेलं. आत दाब वाढला होता. त्या डोळ्याची नजर आता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. डावा अजून वाचवता येईल म्हणाले.

विश्वनाथने मला हे किनाऱ्यावर, ढीग भरता भरता सांगितलं. घमेलं खाली ठेवलं नाही.

साहेब परत आले ते चिडलेले. चौथ्या दिवशी किनाऱ्यावर कुजक्या शेवाळाचा गुडघाभर तपकिरी चिखल साचला होता. तलावाचं पाणी गढूळ झालं, खोलीतल्या चांदीच्या पैंजणावर काळी पुटं चढली, सुमीत ओकत राहिला, आर्याच्या पायांवर पुरळ आलं. वहिनी ऑफिसात सगळ्यांना व्हिडिओ दाखवत होत्या. त्यात दहा-बारा काळे, घामाने निथळणारे लोक दाताळी घेऊन तो चिखल ओढत होते. वहिनी नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "आणि ही माणसं अशी आमच्या खिडकीसमोर दिवसभर! व्ह्यू काय राहिला?"

व्हिडिओ संपायच्या आत मी उठून हजेरीचं रजिस्टर उघडलं.

त्या संध्याकाळी साहेब किनाऱ्यावर उतरले. मी आणि विश्वनाथ तिथेच होतो. साहेबांनी विश्वनाथला हाक मारली.

"अरे, तुला कळलं होतं तर ठासून सांगायचं ना! अर्धवट सांगतोस आणि मग आमचे हाल."

विश्वनाथने त्यांच्याकडे बघितलं. आजवर मी त्याला कोणाकडे असं बघताना पाहिलं नव्हतं. "पोरं बरी आहेत ना आता?" त्याने विचारलं.

"आहेत. पण ट्रिपची वाट लागली."

"माझ्या आईचा डोळा गेला, साहेब."

"अरेरे. वय झालं की होतंच." त्यांनी वाळूकडे बघितलं. "तिकडे कोपऱ्यात थोडं राहिलंय बघ." आणि ते गेले.

विश्वनाथने त्या कोपऱ्यातलं शेवाळ ओढलं. मी बघत उभा राहिलो. मग मला तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी मी नवा अर्ज टाइप केला. कारण: आईच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया. त्यावर पिवळी चिठ्ठी लावली आणि फाईलमध्ये अकरावा कागद म्हणून ठेवला. वर फायर एक्स्टिंग्विशरची तपासणी, खाली पाण्याच्या टँकरची मागणी. मग ती घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

साहेब फोनवर बोलत होते. त्या रिसॉर्टविरुद्ध तक्रार कशी करायची ते कोणाला तरी विचारत होते. एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने सह्या. पान उलटलं, सही. पान उलटलं, सही. अकराव्या पानावरही सही. एकदाही मान खाली घालून वाचलं नाही.

फाईल काखेत घेऊन मी बाहेर आलो. जुलैतही वाचलं नसतं.

विश्वनाथ त्या गुरुवारी दम्मामहून विमानात बसला. विमानतळावर त्याने माझे पाय धरले. मी त्याला धरू दिले, आणि जुलैतल्या त्या सह्यांच्या फाईलविषयी काही बोललो नाही.